स्वॅबचा रिपोर्ट आणि दोन चिठ्ठ्या : गरोदरपणातला योनिमार्गाचा जंतुसंसर्ग समजून घेताना

मागच्या वेळी आपण गरोदरपणातल्या रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्यांबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर सगळ्यांत जास्त प्रश्न आले ते स्वॅबच्या तपासणीवर. पण सभागृहात उभं राहून तो प्रश्न एकीनंही विचारला नाही. सगळे प्रश्न चिठ्ठ्यांवर आले, घडी घालून, नाव न लिहिता.

त्यातल्या दोन चिठ्ठ्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. पहिलीवर असं होतं : ‘सातवा महिना चालू आहे. स्वॅबमध्ये ई. कोलाय आलं. त्रास काहीच नाही. दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, तिसऱ्यांदा तपासलं तर परत तेच. बाळाला धोका आहे का?’ दुसरीवर : ‘पाचवा महिना. अंगावरून जातं, खूप खाज सुटते, रात्री झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात दिवसांत असं होतंच. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते.’

पहिलीला आजार नसताना औषधं मिळाली. दुसरीला आजार असताना औषध मिळालं नाही. आजचं सगळं व्याख्यान या दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो : स्वॅब म्हणजे आजार शोधणारी जादूची कांडी नव्हे. नेमका प्रश्न विचारला तर ती नेमकं उत्तर देते. प्रश्नच नसेल, तर जे उत्तर येतं ते बहुतेकदा गोंधळात टाकतं.

न बोलण्याची किंमत

अंगावरून जाणं, पांढरं जाणं, धुपणी, श्वेतप्रदर. आपल्याकडे शब्द भरपूर आहेत, बोलणं मात्र कमी. हे किती खोल आहे ते महाराष्ट्रानंच जगाला दाखवून दिलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या स्त्रियांची नव्हे, गावातल्या स्त्रियांची. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगापैकी किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही आढळलं. सरासरी काढली तर एकेका स्त्रीला तीनहून जास्त आजार. त्यातले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. आणि यापूर्वी कधी तपासणी-उपचार झालेल्या स्त्रिया किती? फक्त ८ टक्के.

यात आणखी एक आकडा आहे, तो आजच्या विषयाला फार महत्त्वाचा आहे. या ६५० स्त्रियांपैकी ४५ टक्के स्त्रियांची तक्रार काहीच नव्हती. म्हणजे तक्रार असूनही न सांगणाऱ्या बायका असतात, तशा आजार असूनही तक्रार नसणाऱ्याही असतात. हा अभ्यास फक्त गरोदर स्त्रियांचा नव्हता आणि तो होऊन बरीच वर्षं झाली. पण ‘बाईला असं चालायचंच’ हे वाक्य आम्हाला आजही नाशिकरोडला ऐकू येतं आणि सुरगाण्यालाही.

आधी निरोगी काय ते पाहू

योनिमार्ग निर्जंतुक नसतो, तसा तो नसावाही. दुधाला विरजण लावलं की दही होतं, आणि आंबट झालेलं दही दुधासारखं पटकन नासत नाही. तसंच काहीसं तिथं घडतं. लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू तिथल्या पेशींमधल्या साखरेवर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५, म्हणजे आंबट राहतो. त्या आंबटपणात अपायकारक जंतूंचं फारसं चालत नाही. डॉडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ साली या जंतूंचं वर्णन केलं. (इथे एकच सूचना. दह्याचं उदाहरण समजण्यासाठी दिलं आहे. दही आत लावायचं नसतं!)

दिवस गेल्यावर इस्ट्रोजेन वाढतं, रक्तपुरवठा वाढतो, आणि पांढरट, दुधाळ, फारसा वास नसलेला स्राव वाढतो. खाज नाही, आग नाही, कुबट वास नाही, तर हा स्राव आजार नाही. त्यासाठी औषध नको आणि स्वॅबही नको. सासूबाई म्हणतात ते इतपत खरं आहे. पण खाज सुटली, आग झाली, मासळीसारखा वास आला, रंग पिवळा-हिरवा झाला, तर ‘असं होतंच’ म्हणून सोडायचं नाही.

तपासणीत नक्की काय करतात?

भीती इथेच जास्त असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्वॅब म्हणजे कान कोरायच्या काडीसारखी, पण लांब आणि निर्जंतुक केलेली काडी. टोकाला कापूस किंवा तंतू असतात. पाठीवर झोपवून, पाय गुडघ्यात दुमडून, बदकाच्या चोचीसारखं एक साधन हळूच आत घालतात. त्याला स्पेक्युलम म्हणतात. मग योनिमार्गाच्या वरच्या भागातून काडी फिरवून स्राव घेतात. मिनिटभराचं काम. ताण जाणवतो, दुखू नये. दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचा हक्क तुमचा आहे.

‘बाळाला धक्का लागेल का?’ नाही. काडी योनिमार्गातच राहते. बाळ त्याच्या वर, गर्भाशयाच्या बंद तोंडापलीकडे, पाणमोटेत असतं. मात्र रक्त जात असेल किंवा सोनोग्राफीत वार खाली असल्याचं सांगितलं असेल, तर तपासणीआधी ते आवर्जून सांगा.

तपासणीच्या आदल्या दिवसापासून आत कुठली गोळी किंवा मलम ठेवू नका, आत पाणी मारून धुऊ नका, संबंध टाळा. आणि नुकतंच एखादं अँटिबायोटिक घेतलं असेल तर सांगा, अगदी सर्दीसाठी घेतलेलं असलं तरी.

पुढे लॅबमध्ये दोन वेगळी कामं होतात. पहिलं, स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. हे त्याच दिवशी कळतं. दुसरं, कल्चर, म्हणजे जंतूंना खायला घालून वाढवणं आणि कोणत्या औषधाने ते मरतात ते पाहणं. याला दोन-तीन दिवस लागतात. कल्चर महाग, म्हणून तेच खरं, असं पुष्कळांना वाटतं. योनिमार्गाच्या नेहमीच्या तक्रारींसाठी मात्र साधी काचपट्टीच बहुतेकदा जास्त सांगते.

तीन नेहमीचे पाहुणे

पहिला, बुरशी. कॅन्डिडा. दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट पांढरा स्राव, भयंकर खाज, लघवीच्या वेळी बाहेरून आग. गरोदरपणात आणि मधुमेहात जास्त. काचपट्टीवर कोंब फुटलेल्या पेशी आणि धागे दिसतात. उपचार म्हणजे आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलसारख्या गोळ्या, साधारण सात दिवस. बुरशीवर तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल गरोदरपणात टाळतात. बाळाला सहसा काही होत नाही, पण आईची झोप उडते. आणि आईची झोप ही किरकोळ गोष्ट नाही.

दुसरा, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. इथे बाहेरून कोणी शत्रू येत नाही. विरजण बिघडतं. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि एरवी थोडेच असणारे दुसरे जंतू माजतात. स्राव पातळ, राखाडी, आणि वास मासळीसारखा. डॉक्टर चार गोष्टी बघतात : स्रावाचं रूप, ४.५ च्या वर गेलेला पीएच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर उठणारा वास, आणि जंतूंनी माखलेल्या पेशी. चारांपैकी तीन असल्या की निदान. ही ॲमसेल यांची १९८३ ची पद्धत. लॅब काचपट्टीवर ० ते १० गुण देते, ती १९९१ ची न्यूजेंट पद्धत : ३ पर्यंत नेहमीसारखं, ४ ते ६ मधलं, ७ पासून पुढे व्हजायनोसिस. त्रास असेल तर गरोदरपणातही उपचार करतात, मेट्रोनिडॅझोल किंवा क्लिंडामायसिन.

तिसरा, ट्रायकोमोनास. हा जिवंत, शेपट्या हलवत फिरणारा एकपेशी जीव. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव आणि आग. याची ओळख त्याच्या हालचालीवरून होते, म्हणून स्राव घेतल्यावर काही मिनिटांतच काचपट्टी बघावी लागते. नमुना संध्याकाळच्या गाडीने पेठहून नाशिकला आला, तर तोवर त्याची हालचाल थांबलेली असते आणि रिपोर्ट ‘आढळला नाही’ असा येतो. हा संसर्ग संबंधातून पसरतो, त्यामुळे नवऱ्यालाही त्याच वेळी औषध घ्यावं लागतं, नाहीतर तो परत येतो.

गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे दोन संसर्ग बाळाच्या डोळ्यांना त्रास देऊ शकतात. क्लॅमिडिया साध्या कल्चरमध्ये उगवतच नाही, त्याला वेगळी जनुकीय तपासणी लागते. म्हणून ‘नो ग्रोथ’ याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा लावू नका. आणि सिफिलिस, एचआयव्ही या तपासण्या रक्ताच्या, स्वॅबच्या नव्हेत. त्या प्रत्येक गरोदरपणात झाल्याच पाहिजेत.

पहिली चिठ्ठी : ‘ई. कोलाय आलं’

आता रिपोर्टकडे येऊ. ‘पस सेल्स ४-६’, ‘एपिथेलियल सेल्स भरपूर’, ‘ग्राम पॉझिटिव्ह बॅसिलाय’, आणि खाली ठळक अक्षरांत ‘ई. कोलाय उगवला’. मग औषधांची यादी, समोर एस आणि आर. हे बघून कोणाचंही धाबं दणाणेल.

ग्राम पॉझिटिव्ह बॅसिलाय म्हणजे पुष्कळदा आपले तेच विरजणाचे जंतू. एपिथेलियल सेल्स म्हणजे त्वचेसारख्या झडलेल्या पेशी. थोड्या पस सेल्स गरोदरपणात असतातच. आणि ई. कोलाय? तो आतड्यात राहतो. गुदद्वार आणि योनिमार्ग यांत अंतर ते किती! तो तिकडे फिरकणं म्हणजे शेजाऱ्यानं अंगणात येणं. अंगणात आला म्हणून तो चोर ठरत नाही. तक्रार नाही, ताप नाही, पाणमोट शाबूत आहे, तर अशा ई. कोलायला मारायचं कारण नसतं. मारला तरी तो परत येतो, कारण त्याचं घर आतड्यात आहे. हाच ई. कोलाय लघवीच्या कल्चरमध्ये भरपूर संख्येनं आला तर मात्र गोष्ट निराळी. गरोदरपणात त्याला त्रास नसला तरी उपचार लागतो. जंतू तोच, पण नमुना कुठला यावर अर्थ बदलतो.

‘पण घेतलं एखादं अँटिबायोटिक, बिघडलं काय?’ बिघडतं. एक तर विरजण मरतं आणि मोकळ्या जागेत बुरशी येते. आमच्याकडे अशा कितीतरी जणी आल्या, ज्यांना पहिल्या रिपोर्टला काहीच नव्हतं आणि दोन कोर्सनंतर खाज सुरू झाली. दुसरं, ‘सुरक्षेसाठी’ दिलेलं औषध नेहमी सुरक्षित असतंच असं नाही. ‘ऑरॅकल’ नावाचा मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या, पण पाणमोट शाबूत असलेल्या आणि संसर्गाची लक्षणं नसलेल्या सहा हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. अँटिबायोटिकने त्यांच्या बाळांना फायदा झाला नाही. त्यांतल्या ब्रिटनमधल्या मुलांना सात वर्षांनी तपासलं, तेव्हा औषध दिलेल्या गटात सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण थोडं जास्तच निघालं. मुदतीआधी पाणमोट फुटलेल्या स्त्रियांची गोष्ट उलट. तिथे अँटिबायोटिक खरोखर उपयोगी पडतं. म्हणजे औषध चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. कोणाला आणि कशासाठी, हा प्रश्न आहे.

व्हजायनोसिसचंही तसंच. तो असला तर मुदतीआधी बाळंतपणाची शक्यता वाढलेली दिसते. मग सगळ्यांना तपासून औषध दिलं तर? हे करून पाहिलं गेलं, अमेरिकेत आणि नंतर फ्रान्समध्ये. फ्रान्समधला अभ्यास २०१८ साली आला. त्रास नसलेल्या, कमी जोखमीच्या स्त्रियांत उपचाराने मुदतीआधीची बाळंतपणं कमी झाली नाहीत. म्हणून सरसकट तपासणीची शिफारस नाही.

इथे आम्ही आमचाही दोष कबूल करतो. पूर्वी आम्हीसुद्धा लॅबच्या कागदावर नुसतं ‘व्हजायनल स्वॅब, कल्चर’ एवढंच लिहायचो. किती महिने झाले, तक्रार काय, काय शोधायचं, काही नाही. लॅबवाले बिचारे जे उगवलं ते छापायचे, आणि जे छापलं त्यावर आम्ही औषध लिहायचो. आता कागदावर प्रश्न लिहितो. तुम्हीही विचारा : ‘डॉक्टर, ही तपासणी कशासाठी? अमुक आलं तर काय करणार, नाही आलं तर काय करणार?’ दोन्हीचं उत्तर एकच असेल, तर तपासणीची गरज काय?

नेमका प्रश्न विचारणारा स्वॅब : ग्रुप बी स्ट्रेप

एक स्वॅब मात्र असा आहे, जो त्रास नसतानाही घेण्याला अर्थ आहे. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस. हा जंतूही आतड्यातला. आईला सहसा काही करत नाही. पण बाळंतपणाच्या वेळी बाळ त्यातून बाहेर येतं, आणि साधारण निम्म्या बाळांना तो चिकटतो. उपचार न दिल्यास अशा मातांच्या बाळांपैकी १ ते २ टक्के बाळं पहिल्या आठवड्यात गंभीर आजारी पडतात : रक्तात जंतू, न्यूमोनिया, मेंदूज्वर.

अमेरिकेत ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान प्रत्येकीची ही तपासणी करतात. ज्यांच्यात जंतू सापडतो त्यांना कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन देतात, शक्यतो बाळंतपणाच्या किमान चार तास आधी. तिथे हजारी १.८ वर असलेलं बाळांच्या आजाराचं प्रमाण २०१५ पर्यंत ०.२३ वर आलं. ब्रिटनमध्ये मात्र सगळ्यांची तपासणी करत नाहीत, जोखीम बघून औषध देतात. आपल्याकडेही ती सरसकट होत नाही. काही ठिकाणी होते, काही ठिकाणी नाही. म्हणून विचारून घ्यायला हवं. आधीच्या बाळाला हा आजार झाला असेल, किंवा या खेपेला लघवीत हा जंतू सापडला असेल, तर स्वॅबची वाटही न बघता कळांच्या वेळी औषध देतात.

हा स्वॅब वेगळ्या ठिकाणचा असतो. योनिमार्गाच्या खालच्या भागातून आणि गुदद्वारातून. स्पेक्युलम लागत नाही. नुसता वरच्या भागाचा स्वॅब घेतला तर जंतू निसटतो. आणि पॉझिटिव्ह आला म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात गोळ्या खाऊन उपयोग नाही, बाळंतपणापर्यंत तो परत येतो. औषध कळांच्या वेळीच. तुमचं काम एवढंच : रिपोर्टची प्रत फाइलमध्ये लावून ठेवा. बाळंतपण सातपूरला ठरलं आणि ऐनवेळी माहेरी, येवल्याला झालं, असं कितीदा होतं. फाइल सोबत असेल तर तिथल्या नर्सलाही कळतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

स्वॅब नको, थेट दवाखाना

पांढरं जातंय की पाणी जातंय, हा फरक ओळखता आला पाहिजे. स्वच्छ पॅड किंवा कोरडं सुती कापड ठेवा, थोडं चाला. पाण्यासारखं भिजत राहिलं, हिरवट आलं, रक्त आलं, ताप आला, पोट दुखायला लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर रिपोर्टची वाट बघायची नाही. रात्र असो, द्राक्षाच्या खुड्याचा हंगाम असो, निघायचं. १०२ किंवा १०८ ला फोन करायचा.

श्रोत्यांचे प्रश्न

*तुरटीच्या पाण्याने धुतलं तर चालेल का?* बाहेरून साध्या पाण्याने धुवा, पुढून मागे पुसा, सुती कपडे वापरा, बस्स. तुरटी, डेटॉल, सुगंधी वॉश आत नको. विरजणात फिनाईल टाकण्यासारखं ते आहे.

*असा संसर्ग झाला म्हणजे नवऱ्याचा किंवा बायकोचा दोष?* बुरशी, व्हजायनोसिस, ग्रुप बी स्ट्रेप यांवरून कोणाच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. ट्रायकोमोनास संबंधातून येतो, पण बराच काळ त्रास न देता राहू शकतो. तेव्हा भांडायचं नाही, दोघांनी औषध घ्यायचं.

*सरकारी दवाखान्यात हे होतं का?* दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी सांगा. जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे लक्षणांवरून रंगीत किटमधली औषधं मोफत देतात. अंगावरून जाण्यासाठी हिरवं किट असतं. पण दिवस आहेत हे आधी सांगा. त्या किटमधली फ्लुकोनॅझोल तुमच्यासाठी नाही, तुम्हाला आत ठेवायची गोळी मिळायला हवी.

आता शेवटी त्या दोन चिठ्ठ्या. पहिल्या ताईंना आम्ही सांगू : त्रास नसेल तर हा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा, लघवीची तपासणी झाली आहे ना बघा, आणि चौथा स्वॅब कशासाठी ते आधी विचारा. दुसऱ्या ताईंना : तुमचा त्रास सात दिवसांच्या औषधाने बरा होण्यासारखा असू शकतो. बोलायची लाज वाटत असेल तर जशी आम्हाला दिली तशीच चिठ्ठी लिहा आणि डॉक्टरांच्या, नर्सबाईंच्या किंवा आशाताईंच्या हातात द्या. बाकीचं विचारणं हे आमचं काम आहे.